एक्स्पोर्टचा घड, घरचा घड

गेल्या संक्रांतीची गोष्ट. सायखेड्याला आमच्या जाऊबाईंकडे हळदीकुंकू होतं. वाणाला यंदा प्लॅस्टिकचे डबे नकोत म्हणून त्यांनी जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या होत्या. सगळ्यांना आवडल्या. त्यावरून विषय निघाला आणि त्यांच्या धाकट्या सूनबाईंनी मोबाइल काढला. "काकू, हे बघा ना, नैसर्गिक राहणीची एक मस्त वेबसाईट आहे. 'घर इको-फ्रेंडली करण्याचे दहा सोपे मार्ग'." आम्ही सगळ्या माना घालून बघू लागलो. बांबूचा टूथब्रश, तांब्याची बाटली, नारळाच्या काथ्याची घासणी, मातीचं भांडं, बदामाचं दूध, परदेशी बिया, सेंद्रिय कापसाचा पंचा... खाली प्रत्येक वस्तूची किंमत आणि 'आत्ताच खरेदी करा'चं बटण.

आमच्या आत्याबाई ऐंशीच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, "काथ्या, मडकं नि तांब्याचा तांब्या? हे तर आमच्या घरात होतंच की! तुम्हीच भंगारात घातलं, आता विकत आणा." सगळ्या खो-खो हसल्या.

तेवढ्यात जाऊबाई द्राक्षांची परात घेऊन आल्या. घरचीच द्राक्षं. एका लहानग्याने हात घातला, तशा सूनबाई चटकन उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "आई, ही नका देऊ हो लेकरांना. ही लोकलच्या बागेतली आहेत, परवाच फवारा झालाय. थांबा, मी एक्स्पोर्टच्या बागेतली आणते."

मघाचं हसू एकदम थांबलं. त्या परातीकडे सगळ्याच बघत राहिल्या. कुणी काही बोललं नाही, कारण त्यात नवीन काहीच नव्हतं. निफाड तालुक्यातल्या घराघरात हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त हळदीकुंकवाला कुणी मोठ्याने बोलत नाही.

मैत्रिणींनो, मी घरी आले ती हाच विचार करत. मघाची दहा कलमांची वेबसाईट आणि ही परात, या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध आहे का? त्या वेबसाईटवर नैसर्गिक जगण्याचं सगळं होतं, पण त्या लहानग्याने घड खावा की खाऊ नये, याचं उत्तर नव्हतं. आणि माझं ठाम मत झालंय की, जी वेबसाईट आपल्या ताटाबद्दल, विहिरीबद्दल आणि शेताबद्दल पडताळून बघता येईल असं काही सांगत नाही, ती कितीही हिरवीगार दिसली तरी ते एक दुकानच आहे.

घडाला नंबर कसा मिळाला?

आपल्याच द्राक्षांची एक हकिगत सांगते. घरातल्या पुरुषमंडळींना ती पाठ असते, आपल्याला मात्र कुणी सांगत बसत नाही.

२००३ साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. माल अडकला, नाव खराब झालं. तिथल्या गिऱ्हाइकाने साधा प्रश्न विचारला : ही पेटी नेमकी कुणाच्या बागेतली? आणि त्याचं उत्तर आपल्याकडे नव्हतं. मग 'अपेडा' या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेने २००६ साली 'ग्रेपनेट' नावाची इंटरनेटवरची व्यवस्था सुरू केली. तेव्हापासून निर्यातीच्या बागेची कृषी खात्याकडे नोंदणी होते, बागेला नंबर मिळतो. कोणतं औषध कधी मारलं, याची नोंद ठेवावी लागते. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची माणसं येऊन घडांचे नमुने नेतात. तपासणीत अंश जास्त निघाले तर त्या बागेचा माल युरोपला जात नाही. पास झाला तर पेटीवरच्या नंबरावरून तिकडच्या दुकानातली पेटी थेट आपल्या गटनंबरापर्यंत शोधता येते.

तरी २०१० साली पुन्हा दणका बसलाच. वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या एका औषधाचे, क्लोरमेक्वाटचे, अंश युरोपात सापडले. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. पाठवलेला माल नाकारला गेला, निर्यातदार आणि शेतकरी दोघांचेही हात पोळले. त्यानंतर यादी वाढली, तपासण्या आणखी कडक झाल्या.

आता विचार करा. हॉलंडमधल्या, जर्मनीतल्या लेकराच्या वाटीतल्या द्राक्षाला नंबर आहे, कागद आहे, प्रयोगशाळेचा अहवाल आहे. आणि जिथे ते द्राक्ष पिकलं त्या सायखेड्यातल्या, चांदोरीतल्या लेकराच्या वाटीतल्या द्राक्षाला काय आहे? आईचा अंदाज. "परवाच फवारा झालाय" एवढंच. तेही ती घरात होती म्हणून तिला कळलं. नाशिकच्या, मालेगावच्या बाजारात हातगाडीवरून घेणाऱ्या बाईला तर तेवढंही कळत नाही.

आपल्या देशातही अन्नातल्या कीटकनाशकांच्या अंशांना कायद्याने मर्यादा आहेत. पण बाजारात येणारा प्रत्येक माल निर्यातीच्या मालासारखा तपासून येत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाने विचारलं म्हणून त्याला मिळालं. आपण विचारलंच नाही. माझं म्हणणं एवढंच की, विचारायची सुरुवात आपण बायकांनी करायला हवी, आणि ती कुठल्या सरकारी कचेरीत नाही, आपल्या ओसरीवर.

"फवारा नाही मारला तर बाग जाईल"

हा विषय घरात काढला की काय उत्तर येतं, तेही मला ठाऊक आहे. आमच्याकडेही तेच आलं. "एक पाऊस आला की डावणी येते. ढगाळ हवा झाली की भुरी. तुम्ही म्हणता फवारू नका. मग कर्ज कोण फेडणार?"

हे उत्तर खोटं नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांनी एका संध्याकाळीत निफाडमधल्या बागांचं काय झालं तेही पाहिलंय. वर्षभराची मेहनत मांडवाखाली आडवी झाली. अशा जुगारात पैसे घातलेल्या माणसाला वेबसाईट दाखवून 'उद्यापासून जैविक व्हा' सांगणं हा शहाणपणा नाही, उर्मटपणा आहे. शिवाय जैविक शेती म्हणजे फवारणी नाहीच, असंही नसतं. तिथेही गंधक आणि बोर्डो लागतंच.

म्हणून माझी मागणी 'औषध बंद करा' अशी नाही. 'मला कळू द्या' अशी आहे. कोणतं औषध, कधी मारलं, आणि ते मारल्यावर किती दिवस घड तोडायचा नाही, या तीन गोष्टी. फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जायला हवेत, हे प्रत्येक औषधासाठी ठरलेलं असतं. शेतकरी त्याला 'पीएचआय' म्हणतात. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्याच्या वेबसाईटवर द्राक्षासाठी शिफारस केलेल्या औषधांची यादी त्या दिवसांसकट मिळते. आपल्याकडे तिला 'अनेक्श्चर पाच' म्हणून ओळखतात. यादी इंग्रजीत आहे, पण औषधांची नावं आणि आकडेच तर वाचायचे आहेत. बारावीला असलेली मुलगी दहा मिनिटांत वाचून दाखवेल. नैसर्गिक जगण्याची माझी पहिली वेबसाईट हीच. तिच्यावर ना हिरवी पानं आहेत, ना हसणारी बाई. पण परातीतल्या घडाचं उत्तर तिथे आहे.

निर्यातीच्या बागेसाठी फवारणीची वही ठेवावीच लागते. म्हणजे वही कशी ठेवायची हे घरात माहीत आहे. तीच वही लोकलच्या बागेसाठी, टोमॅटोसाठी, मेथी-कोथिंबिरीसाठी ठेवायला काय हरकत आहे? एक साधी शंभर पानी वही. तीही बापड्यांच्या कपाटात नको, स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला टांगलेली हवी, म्हणजे घरात काय येतंय हे चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला वाचता येईल.

हात आपलेच असतात

आणखी एक गोष्ट, जी खाण्यापेक्षाही जवळची आहे. बागेत ट्रॅक्टरवर बसून फवारणी करतात पुरुष. पण विरळणी करतं कोण? घड डिपिंगला कोण असतं? ऑक्टोबर छाटणी झाल्यावर डोळे फुटावेत म्हणून काडीला 'पेस्ट' लावतात, ती कितीतरी ठिकाणी बायकाच लावतात. ते हायड्रोजन सायनामाइड असतं. कातडीला लागलं की आग होते, फोड येतात. आणि ज्या माणसाने ते हाताळलं त्याने त्या दिवशी दारू घेतली, तर त्रास जिवावर बेतू शकतो. घरातल्या माणसांना हे नक्की सांगा.

मी स्वतः किती वर्षं रिकाम्या हाताने काम केलं, त्याचा हिशेब नाही. हातमोजे घातले की बोटं चालत नाहीत, रोज पडत नाही, असं सगळ्याच म्हणायच्या, मीही म्हणायचे. एका हंगामात बोटांची सालं निघाली. दुकानातून क्रीम आणलं. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं त्यावर लिहिलेलं होतं! मूळ कारण बागेत आहे आणि मी इलाज बाटलीत शोधतेय, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

औषधाच्या डब्यावर एक चौकोन असतो, त्यात खाली रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. आपल्याकडे किती जणींना वाटतं की हिरवा म्हणजे निर्धोक! तसं नाही. हिरवा म्हणजे त्या चौघांत कमी विषारी, इतकंच. शाकाहारी पदार्थाच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका वेगळा आणि हा हिरवा त्रिकोण वेगळा. डब्यासोबत एक घडीचा कागद येतो. विषबाधा झाली तर काय करायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. तो फेकू नका. दवाखान्यात जाताना तो कागद किंवा डबा सोबत न्या आणि १०८ ला फोन करताना औषधाचं नाव सांगा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून सुरक्षेचे कपडे, मास्क यांची भाषणं खूप झाली. पण फवारणीनंतर ओल्या बागेत शिरणाऱ्या बाईचा विचार त्या भाषणांत क्वचितच असतो. तो आपणच करायचा आहे : फवारा वाळल्याशिवाय आणि सांगितलेला वेळ गेल्याशिवाय आत जायचं नाही, हातमोजे मागून घ्यायचे, फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत, आणि औषधाचा रिकामा डबा धुऊन धान्याला किंवा पाण्याला कधीही वापरायचा नाही.

बघण्यासारखं काय आहे?

आता तुम्ही म्हणाल, वेबसाईटची नावं तरी सांगा. सांगते. मला उपयोगी पडलेल्या तेवढ्याच.

दुकानातल्या पाकिटावर 'ऑरगॅनिक' लिहिलेलं असतं आणि दर दीडपट असतो. ते खरं की खोटं कसं कळणार? २०१७ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे 'एफएसएसएआय'ने, जैविक अन्नासाठी नियम केले. अशा पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह आणि प्रमाणपत्राची माहिती हवी. त्याच नावाची वेबसाईट आहे, तिथे ती माहिती ताडून बघता येते. एकट्याला महागडं प्रमाणपत्र परवडत नाही अशा शेतकऱ्यांसाठी 'पीजीएस-इंडिया' ही सरकारी पद्धत आहे. त्यात पाच किंवा जास्त शेतकऱ्यांचा गट असतो आणि ते एकमेकांची शेतं तपासतात. जमीन अजून बदलाच्या काळात असेल तर 'ग्रीन', पूर्ण झाली की 'ऑरगॅनिक' असं चिन्ह मिळतं. कुठल्या गटाला प्रमाणपत्र आहे हे त्या वेबसाईटवर दिसतं. महिला बचत गटाने भाजीपाल्यासाठी असा गट करायला काहीच अडचण नाही. उलट बायका एकमेकींची शेतं जास्त बारकाईने तपासतील, हे तुम्हालाही पटेल!

नियम आले तेव्हाच, छोट्या शेतकऱ्याने स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकलेल्या मालाला प्रमाणपत्रातून सूट ठेवलेली होती. म्हणजे बाजारात पाटी घेऊन बसलेल्या ओळखीच्या बाईकडे चिन्ह नसेल म्हणून ती खोटं बोलते असं नाही. तिला चिन्ह नका विचारू, 'काय मारलं, कधी मारलं' ते विचारा.

याच 'एफएसएसएआय'च्या वेबसाईटवर 'डार्ट' नावाची पुस्तिका आहे. भेसळ घरच्या घरी कशी ओळखायची त्याच्या सोप्या चाचण्या तिच्यात आहेत. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका. चांगली हळद फिकट पिवळा रंग सोडत तळाशी बसते, रंग मिसळलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं. हिरव्या मिरचीवर किंवा भेंडीवर पॅराफिनच्या तेलात बुडवलेला कापूस घासा. कापूस हिरवा झाला तर वरून रंग लावलाय. हिरवे वाटाणे अर्धा तास पाण्यात ठेवा, पाणी हिरवं झालं तर तीच कथा. शाळेत जाणाऱ्या मुलांना या चाचण्या करायला द्या, त्यांची सुट्टी मजेत जाईल.

मराठीत वाचायचं असेल तर 'विकासपीडिया' आहे. शेती, आरोग्य, सरकारी योजना यांची माहिती तिथे आपल्या भाषेत मिळते. गांडूळखत, दशपर्णी अर्क, परसबाग यांची साधी माहिती मला तिथे मिळाली. आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नीट चालत नाही त्यांनी किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या फुकटच्या नंबरावर फोन करावा. मराठीत बोलता येतं. बायकांनी फोन केला तरी उत्तर मिळतं, मी करून पाहिलाय.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

आता दुसरी बाजू. मोबाइलवर जे 'घरगुती, नैसर्गिक उपाय' येतात, त्यात बरंच काही नुसतं वाया जाणारं असतं, आणि काही चक्क धोक्याचं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवायचं आणि त्याने सगळं स्वच्छ करायचं, असा एक लाडका उपाय आहे. सोडा वेगळा वापरा, चांगला आहे. व्हिनेगर वेगळं वापरा, तेही चांगलं. दोन्ही एकत्र केलं की फेस येतो, आणि फेस गेला की उरतं मुख्यतः खारट पाणी. एकाने दुसऱ्याला मारून टाकलेलं असतं. एवढ्यावर भागलं तर ठीक. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने व्हिडिओ बघून बाथरूममध्ये ब्लीचिंगच्या द्रवात व्हिनेगर ओतलं. दार बंद. क्लोरीनचा वायू सुटला, खोकून खोकून जीव घाबरा झाला. नशीब, घरात माणसं होती. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळायचं नाही, हे भिंतीवर लिहून ठेवा.

लिंबू चेहऱ्याला चोळून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी काळी पडते. करोनाच्या काळात घरोघरी काढे उकळले. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असेल. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आपल्यासाठी दोन्हींतून धडा एकच निघतो : कुठली वेल हे ओळखणारं माणूस जवळ नसेल तर मोबाइलवरच्या फोटोवर भरवसा ठेवून काही पोटात घालू नये.

फळं-भाज्या धुण्याचंही तसंच. २०१७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन औषधं नुसत्या पाण्यापेक्षा चांगली निघाली. पण सालीच्या आत मुरलेलं औषध निघालं नाही. म्हणजे धुवा, जरूर धुवा. पण धुण्याने सगळं जातं या भ्रमात राहू नका. म्हणून तर मी धुण्याच्या पावडरीपेक्षा त्या खुंटीवरच्या वहीचा आग्रह धरते.

नदी तर दारातच आहे

सायखेड्याच्या बाईला इको-फ्रेंडली म्हणजे काय, हे लांब जाऊन बघायला नको. गोदावरीच्या पुलावर उभं राहावं. वरून, नाशिककडून वाहत येणाऱ्या पाणवेली पुलाशी अडकतात आणि नदीचं हिरवं मैदान होतं. सांडपाण्यातलं खत खाऊन ही वेल माजते. खाली नांदूरमध्यमेश्वरचं पाणी, जिथे थंडीत देशोदेशीचे पक्षी येतात. २०२० साली त्या पाणथळीला 'रामसर' दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिल्यांदा. आणि २०१६, २०१९ च्या पुरात याच नदीने सायखेडा-चांदोरीच्या बाजारपेठेत पाणी घातलं, तेही आपण विसरलेलो नाही.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाईटवर गोदावरीच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे असतात. त्यात 'बीओडी' नावाचा आकडा बघा. पाण्यातली घाण कुजवायला किती प्राणवायू लागतो ते तो सांगतो. आंघोळीच्या पाण्याला तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, असा दंडक आहे. आकडा वाचता आला की ग्रामसभेत नुसतं 'नदी घाण झाली' म्हणावं लागत नाही, कागद दाखवता येतो. बायका बोलल्या की 'भावनेच्या भरात बोलतात' असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापुढे आकडा ठेवावा.

कुठल्याच वेबसाईटवर नसलेलं

शेवटी एक सांगते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वालाची, भाज्यांची, भाताची बियाणी जमवली, राखली, इतर बायकांना वाटली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं ज्ञान आता इंटरनेटवर सापडतं, पण ते आधी एका बाईच्या मडक्यात आणि डोक्यात होतं. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांचा 'प्रयोग परिवार' आठवतो का? आपण केलेला प्रयोग एकमेकांना कळवायचा, पडताळायचा, पुढे न्यायचा. घरोघरी इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी. माहिती वाटून घेण्याची ती जुनी रीत आपल्याला नवीन नाही.

आमच्या आत्याबाईंना शिकेकाई-रिठ्याचं प्रमाण, तांदळाला कीड लागू नये म्हणून किती निंबाचा पाला, कुठल्या महिन्यात कुठली रानभाजी, हे सगळं तोंडपाठ आहे. ते कुठल्याही वेबसाईटवर नाही. त्या गेल्या की ते जाईल. वहीच्या मागच्या बाजूने त्यांचं लिहून ठेवा, म्हणजे पुढून फवारणी आणि मागून आत्याबाई!

जाऊबाईंशी परवा फोनवर बोलले. म्हटलं, वही टांगली का? म्हणाल्या, "टांगली की. पहिल्या दिवशी ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, आता घरातही इन्स्पेक्टर आले का? मी म्हटलं, युरोपच्या इन्स्पेक्टरला दाखवता, मग आम्हाला दाखवायला काय होतं? काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या फवाऱ्याची तारीख त्यांच्याच अक्षरात लिहिलेली होती."

पुढच्या संक्रांतीला वाण काय द्यायचं, ते आमचं ठरलंय. शंभर पानी वही, तिला बांधलेलं पेन, आणि हातमोज्यांचा एक जोड. तुम्हीही विचार करा. आणि परातीत द्राक्षं आली, तर लाजू नका, मोठ्याने विचारा : कुठल्या बागेतली? फवारा कधी झाला?